देवधानाचा काठ

१२ मे, मंगळवार

आज जेसीबीनं तलावाचा उथळ काठ खरडला, देवधानाचं गवत मुळासकट उपटलं. मासोळी त्यातच अंडे देते, म्हणून पावसाळ्यात आम्ही ढिवर तिथं जाळं टाकत नाही. खोलीकरणाच्या कामावरचा साहेब म्हणतो, कचरा साफ झाला. कचरा? बाबा उपटलेलं देवधान हातात घेऊन उभा. "साहेब, आता मासोळी अंडे कुठी देईन?" साहेब फोनवर बोलत राहिला.

माझं डोकं फिरलं. भांडायला गेलो तर त्यानं कागद दाखवला. 'निरुपयोगी गवत काढण्यास मच्छीमार संस्थेची संमती.' खाली सेक्रेटरी म्हणून माझीच सही. सही करताना मी फक्त 'खोलीकरण' वाचलं होतं. बाबाले वाचता येत नाही. त्याले वाचून दाखवायची मले गरजच वाटली नाही.