कुपी उजळली नाही

प्रिय ताई,

परवा फोनवर ‘विहीर आजच बंद कर’ एवढंच बोलले आणि फोन ठेवला. तू ‘अगं, झालं काय?’ विचारत होतीस, तरी ठेवला. सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाली असतीस, ‘जाऊ दे गं, मुद्दाम थोडंच केलंस?’ तेच मला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी नववर्षाला मी चांगशा शहरातून घरी आले होते. तुझा तोंगतोंग तेव्हा चार वर्षांचा होता. गावातली शिशाची भट्टी कधीच बंद पडली होती, तरी तुला त्या जमिनीची धास्ती. खांद्यावर कावड घेऊन टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणायचीस. भावजी चिडवायचे, ‘राणीसाहेबांना घरचं पाणी चालत नाही!’ मी म्हटलं, विहिरीच्या पाण्याची बाटली भरून दे, आमच्या प्रयोगशाळेत बघते. चुलीपाशी तुला समजावलंही होतं. डीएनएचा बारीक धागा, त्याच्या टोकाला दिवा, दिव्यावर झाकण. पाण्यात शिसं असलं की धागा तुटतो, झाकण सुटतं आणि कुपी हिरवी उजळते. ‘म्हणजे काजवाच की!’ म्हणाली होतीस.

तुझी कुपी उजळली नाही. मी आनंदाने फोन केला, पाणी स्वच्छ आहे, कावड चुलीत घाल. तू गावभर सांगितलंस, माझ्या बहिणीने तपासलंय.

गेल्या आठवड्यात तोंगतोंगच्या रक्तात शिसं निघाल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा मी फ्रीजरमधून ती जुनी कुपी काढली. लेबलवर माझ्याच अक्षरात, वापरलेल्या द्रावणाचं नाव. डीएनए टिकावा म्हणून आम्ही तो एका द्रावणात ठेवतो, आणि ते द्रावण पाण्यातला धातू धरून ठेवतं, मग शिसं धाग्यापर्यंत पोचतच नाही. शिसं शोधताना ते वापरायचं नाही, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना ओरडून शिकवते. त्या दिवशी हात सवयीने त्याच बाटलीकडे गेला. शेजारी मुद्दाम शिसं घातलेली कुपी ठेवून पडताळा घ्यायचा असतो, तोही घेतला नाही. घरचंच तर पाणी, म्हटलं. तुझ्या बाटलीत थोडं उरलं होतं, ते परवा नव्याने तपासलं. लख्ख उजळलं गं. तिथूनच तुला फोन लावला.

दोन वर्षं, ताई! तो पोट धरून रडायचा आणि मी शहाणी फोनवर सांगायचे, तिखट कमी घाल. आता तो दहापर्यंत मोजताना अडखळतो. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं शिसं उतरेल. बुद्धीचं काय, हे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख सांगितली.

तुझ्या सासूबाई म्हणतात, पोटुशीने जायचं नसतं, तरी तू आपल्या आईच्या अंत्ययात्रेला गेलीस, त्याचंच हे फळ. ‘विहिरीचं पाणी तर आम्हीही पितो, आम्हाला काय झालं?’ असंही त्या विचारतात. आणि हल्ली तूही तेच म्हणत रडतेस, असं भावजींनी सांगितलं. म्हणून हे कागदावर लिहिलं. आपल्या गावात कागद खरा मानायला लाल अंगठा लागतो, तो खाली उमटवलाय. सगळ्यांना बसवून मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस, मला पाठीशी घालू नकोस. तू फक्त आईला निरोप द्यायला गेली होतीस. ते पाणी त्याला मी पाजलं.

तुझीच, माफी मागायला तोंड नसलेली,
युनझी