अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

आई, शाळेत तुला बाई म्हणावं लागायचं आणि घरी आई, आणि या दोन्हींच्या मधे कुठेतरी तू माझी कमी आणि इतरांची जास्त होऊन बसलीस, हे मला तुला एकदा तोंडावर सांगायचं होतं. तू असताना जमलं नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की रागवायलाही लाज वाटते. पण हेवा कसला जातोय! तो माझ्या सामानाबरोबर डोंबिवलीहून निघाला आणि घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये माझ्याआधी गृहप्रवेश करून बसला.

शाळेचं फाटक आलं की तू माझा हात सोडायचीस. तिथून पुढे तू 'तुम्ही'. बाई स्वतःच्या मुलीचे लाड करतात असं कुणी म्हणू नये म्हणून माझी वही सगळ्यांत शेवटी तपासायचीस, आणि मी हात वर केला की तुझी नजर माझ्या डोक्यावरून सरळ मागच्या बाकावर. मागच्या बाकावर ती बसायची. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून चालत यायची, दोन घट्ट वेण्या, अक्षर कोंबडीच्या पायांचं. इंग्रजी वाचायला उभी राहिली की पहिल्या ओळीतच अडखळायची. तिचा हेवा वाटावा असं तिच्याकडे काहीही नव्हतं, आणि म्हणूनच तो वाटायला लागला तेव्हा मला फार अपमान झाल्यासारखं झालं.

तो दिवस मला अजून दिसतो. विज्ञानाच्या सरांनी मैदानात स्टोव्हवर तेलाचा रिकामा डबा ठेवलाय, आत घोटभर पाणी उकळतंय, तोंडातून वाफ निघतेय. सर डबा उतरवतात, झाकण घट्ट लावतात, वरून गार पाणी ओततात, आणि कुणी बोटही न लावता डबा कडाकडा चेपत जातो. पुढचा तास तुझा, इंग्रजीचा. वर्गात नुसता कल्ला, डबा फुटला, डबा फुटला! तू आलीस, "फुटला नाही" म्हणालीस आणि फळ्यावर एक शब्द लिहिलास. इम्प्लोड. एक्स्प्लोड म्हणजे आतलं जोरात बाहेर येणं, हे त्याच्या उलट. आत काही उरलं नाही आणि बाहेरचा दाब मात्र होता तेवढाच राहिला, की वस्तू स्वतःतच कोसळते. "मराठीत आतल्या आत ढासळणं म्हणा," म्हणालीस, आणि मग तुझं नेहमीचं, "अर्थ सांगून झाला, आता वाक्यात उपयोग करा."

माझा हात सगळ्यांत आधी वर. द टिन इम्प्लोडेड. काना-मात्रेची चूक नव्हती माझ्या वाक्यात. तू तिला उठवलंस. ती बाकाची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माय मदर इम्प्लोडेड." वर्ग फिदीफिदी हसला. ती घाबरून मराठीवर आली. "बाबा गेल्यावर, बाई. डब्यासारखा आवाज नाय आला. आई जेवन करीत व्हती, तशीच खाली बसली." तू खडू ठेवलास, बाकांमधून मागे गेलीस आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलास. शाळेच्या आवारात तो हात माझ्या डोक्यावर कधी आला नव्हता.

संध्याकाळी तू पोळ्या लाटतेयस आणि मी ओट्याला टेकून भांडतेय. शब्द डब्याचा, तो माणसाला कसा चालेल? "चालतो. वापरतात," तू म्हणालीस. मग माझा हात वर होता तो? "तुझं वाक्य मला ठाऊक होतं गं." ही शाबासकी होती की धुडकावणं, याचा निकाल मी अजून लावू शकलेले नाही. त्यानंतर ती शनिवारी दुपारी घरी शिकायला यायला लागली. तव्यावरची पहिली पोळी तिला. दहावीला ती पास झाली तेव्हा तुझी जाडजूड डिक्शनरी, मी मनातल्या मनात माझ्या नावावर करून ठेवलेली, तू तिला देऊन टाकलीस. मी फुगून बसले तर म्हणालीस, "तिच्याकडे डिक्शनरी नाही. तुझ्याकडे मी आहे." ऐकायला फार गोड. पण तू माझ्याकडे फाटकाच्या अलीकडेच असायचीस, आणि घरात आलीस की वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसायचीस.

आम्ही कॉलेजात गेलो त्या वर्षी बाबांच्या ठाण्याच्या कंपनीला टाळं लागलं. बाबा दिवसभर गॅलरीत बसायचे आणि शेजारच्या काकूंना तू सांगायचीस, "रजा साठली होती, घेतलीय झालं." साडीला कांजी तशीच, खांद्याला पिन तशीच, शाळेला एक दिवस खाडा नाही. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे की माझ्या आईच्या डोळ्यात कधी पाणी नाही येत. माझा त्यावर ठाम विश्वास होता.

तुझ्या तेराव्याला ती आली. आता शहाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि अगदी सहज म्हणाली, "बाई एकदा आमच्याकडे आलेल्या, माहितीये ना तुला? तुझ्या बाबांची कंपनी बंद पडलेली तेव्हा. दारात चपला काढल्या, आत आल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. मग रडायलाच लागल्या. आमची आई म्हणाली, रड गो बाय, हितं कोन नाय. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या किती वेळ. मग उठल्या, तोंड धुतलं, पिन परत लावली आणि चहा न घेता गेल्या."

मला माहीत नव्हतं. मी "हो ना" म्हटलं.

तिला वाटलं, ऐकून मला बरं वाटेल. मी ताटं गोळा करायला आत गेले आणि मोरीशी उभी राहून जळफळले. होय, तुझ्या तेराव्याला. आपल्या घरात टेकायला एक भिंत नव्हती का गं? त्या विधवा बाईची मांडी चालली आणि माझी नाही? मी काही लहान नव्हते, कॉलेजात जात होते. शाबासक्या मला पुढे बाहेर पुष्कळ मिळाल्या, डिक्शनऱ्या मी चार विकत घेतल्या. तू कोसळलीस तेव्हा मला तिथे असायचं होतं. ते तू त्यांना दिलंस, आणि मला कांजीची साडी दाखवलीस.

तेव्हापासून दर वर्षी तुझ्या तिथीला तिचा फोन येतो. सुरुवातीला मी दारात कुणीतरी आलंय असं सांगून ठेवून द्यायचे. आता मीच आधी लावते. म्हणते, सांग ना गं परत, आई कशी बसलेली? ती न कंटाळता सांगते, सावकाश, तुझ्यासारखी वाक्याच्या शेवटी थांबत. आणि शेवटी मी विचारते, माझं नाव काढलं होतं का तिने? "काढलेलं ना," ती म्हणते, "निघताना म्हणालेल्या, घरी लेक वाट बघत असेल."

तेराव्याला सांगितलं तेव्हा हे त्यात नव्हतं. ते वाक्य तिने माझ्यासाठी केलंय, मला कळतं. कुणासाठी असं वाक्य करायला तूच तिला शिकवलं असणार, आणि त्याचाही मला हेवा वाटतो. हे मी तिला बोलून दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तर काही पोचायचं नाही. तरी दर वर्षी विचारते.