मजल्यांमधलं दार

१० जानेवारी, शनिवार

दार लावलं! जिन्यातलं. कडी, कडीला कुलूप, वर कागद — "मजल्यांमध्ये ये-जा बंद." सकाळी नेहमीसारखी यांना भरवायला निघाले आणि दारावर आपटलेच. माझा नवरा दुसऱ्या मजल्यावर, विसरणाऱ्यांच्यात. मी पहिल्यावर, ज्यांचं डोकं अजून ठिकाणावर आहे त्यांच्यात. वृद्धाश्रमात आलो तेव्हाच ही वाटणी झाली. पण तिन्ही वेळेला मी वर जायची, म्हणून चाललं होतं.

अभ्यासवाली मुलगी समजूत घालायला आली. फ्लूच्या लसीचा अभ्यास करते ती. मास्कच्या वर नुसते डोळे. एका मजल्याला नवी लस, दुसऱ्याला नेहमीची — कुणाला कोणती ते तिलाही ठाऊक नाही म्हणे! आता शहरात साथ आलीय, मजले एकमेकांत मिसळले की सगळा हिशेब बिघडणार. "आजी, फॉर्मवर लिहिलं होतं. तुम्ही सही केलीय." केलीय की. दोघांचीही मीच केली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. मुलगी गोड बोलली, आणि चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला सुईची कसली भीती!

दार किती दिवस बंद? "साथ ओसरेपर्यंत. नक्की नाही सांगता येत, आजी." मी तोंडावर म्हटलं, "तुझे आकडे जगतील गं, माझा नवरा उपाशी मरेल." तिने मान खाली घातली. मला जराही वाईट वाटलं नाही.

११ जानेवारी

यांना दुसऱ्या कुणाच्या हातचा घास जात नाही. जन्मभर बस चालवली, तेवढंच उरलंय डोक्यात. "आटपा, गाडी सुटते" असं मी म्हटलं की मुकाट्याने जेवतात. वरच्या नर्सला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तसलं 'बरं' मी गिऱ्हाइकांना पुष्कळदा म्हटलंय.

१२ जानेवारी, सोमवार

नाकात काडी घालायचा वार. दर सोमवारी आपली आपण काडी फिरवायची, नळीत टाकायची, नळीवर आपला नंबर चिकटवायचा, नळी ट्रेमध्ये. फ्लू निघाला की रवानगी तळमजल्यावर, आजाऱ्यांच्या खोलीत. मधल्या दिवसांत कुणी तक्रार केली तरच तपासणी.

माझ्या खोलीतली सोबतीण जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सगळे तिला ऑपरेटरच म्हणतात. तिला काडी लागली की सात शिंका. "माझी लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा!" हसले. आज तेवढंच.

१४ जानेवारी

वरून फोन. हे दोन दिवस नुसत्या चहावर आहेत. नर्सने म्हणून पाहिलं — "गाडी सुटते." तर म्हणाले, "सुटू दे. माझी ड्यूटी संपली."

जिन्यातल्या दाराला लाथ मारली. दार जसंच्या तसं. माझा अंगठा सुजलाय.

१६ जानेवारी

यांना फ्लू झाला. खाली नेलं.

मुलगीच सांगायला आली. म्हटलं, "मग आता मला जाऊ दे! आता कसला मजला नि कसलं काय! ते तर दोन्हीतून बाहेर पडले." नाही. धडधाकट माणसाला त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. ज्यांना झालाय तेच आत. "आणि मला झाला तर?" "आजी, असं अभद्र बोलू नका हो!"

अभद्र! तीन वर्षांपूर्वी मी यांची बायको होते. मग ताई झाले. हल्ली कंडक्टर आहे. ऑपरेटर म्हणते, "बढती मिळाली गं तुला." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. आता आठवडाभर दिसलेच नाही तर कोण होईन? कुणीच नाही होणार. नुसती एक म्हातारी. आणि ते खाली एकटे, तापात, उपाशी. या खोलीत येरझाऱ्या घालून घालून जीव मेटाकुटीला आलाय. खिडकीपाशी जायचं, परत दाराशी यायचं. संध्याकाळी आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडले.

१८ जानेवारी, रविवार

ऑपरेटर खोकतेय. अंग चांगलंच तापलंय. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसते. "कुणाला सांगू नकोस गं. मागच्या थंडीत माझी आधीची सोबतीण खाली गेली ती गेलीच. मी या खाटेवरून हलायची नाही." चांगली टगी बाई, पण लहान पोरासारखी घाबरलीय.

आणि मी काय करावं? तिचा उष्टा चहा प्याले. तिच्या रुमालाने तोंड पुसलं. तिच्या खाटेवर तिला चिकटून बसले. पण मला साधी शिंक येईल तर शपथ! कसली लस टोचलीय मेल्यांनी!

१९ जानेवारी, सोमवार

केलं.

तिने सुचवलं की मी, ते आठवत नाही — छे, इथे तरी खोटं कशाला? मीच सुचवलं. तिच्या नळीवर माझा नंबर, माझ्या नळीवर तिचा. ती वर राहील, मी खाली जाईन. ती आधी हसली, मग खोकली, मग म्हणाली, "थांब, तुझी लाइन जोडून देते." स्टिकर तिनेच चिकटवले. दोघींचंही भलं. कुणाचं काय जातं?

संध्याकाळी मुलगी आली. "आजी, तुमचा पॉझिटिव्ह आलाय." आवाज रडवेला. पहिल्या मजल्यावर या साथीत मीच पहिली म्हणे. ताप नाही, खोकला नाही, हे बघून मात्र तिचे डोळे चमकले. काहींना लक्षणंच दिसत नाहीत, आणि अशी माणसं अभ्यासाला फार मोलाची! मी मोलाची! माझी पिशवी केव्हाच भरून तयार होती.

निघताना ऑपरेटर पांघरुणातून म्हणाली, "बोल." ती फोनवर तसंच म्हणायची, आणि खोलीत कुणी आलं-गेलं तरीही तसंच. काय बोलणार? म्हटलं, "पाणी पीत जा."

२० जानेवारी

शेजारची खाट मिळाली! किती वाळलेत हे. गालाची हाडं वर आलीत. कानाशी जाऊन म्हटलं, "आटपा, गाडी सुटते." डोळे उघडले. "कंडक्टर, किती उशीर?"

अर्धी वाटी सूप गेलं. माझा जीव भांड्यात पडला.

इथे आल्यावर पाच दिवस तपासणी नसते. म्हणजे रविवारपर्यंत कुणाला काही कळायचं नाही. पुढचं पुढे.

२२ जानेवारी

दोन्ही वेळा जेवले! ताप उतरतोय. खिडक्या बंद, सहा खाटा, सगळीकडे औषधाचा वास, दाराला इथेही बाहेरून कडी. असू दे. दुपारी माझा हात धरून झोपले. बाथरूमला जायचं होतं, पण हात सोडवला नाही.

२३ जानेवारी

ऑपरेटरला धाप लागलीय. कालपासून बोलताही येत नाही. मुलीने सहज सांगितलं, माझी नाडी बघता बघता. डॉक्टरांना वाटतंय हृदयाचं दुखणं. त्याच्याच गोळ्या चालू आहेत.

"आणि फ्लूचं औषध?"

"त्यांना फ्लू कुठाय, आजी? सोमवारची तपासणी स्वच्छ होती की."

"परत करून बघा ना."

"मी म्हटलं डॉक्टरांना. ते म्हणाले, चार दिवसांपूर्वीच तर झालीय."

ती दारापर्यंत गेली. मी हाक मारली. वळली. "काय, आजी?" शब्द अगदी ओठांवर होते. पण सांगितलं की पाच मिनिटांत मला इथून काढणार. आणि हे आत्ता कुठे माणसात येतायत. म्हटलं, "काही नाही. चहा गार होता."

आजचा दिवस जाऊ दे. रात्रीचं यांना भरवते, सकाळी सांगते. ऑपरेटर चिवट आहे. सकाळी नक्की सांगते. अगदी उठल्या उठल्या.

२४ जानेवारी

दाराशी उभीच होते. मुलगी आत आली. मी तोंड उघडायच्या आधीच तिने माझे दोन्ही हात धरले. "आजी, त्या गेल्या. पहाटे." मग मला खाटेवर बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्याकडून त्यांना काही लागलेलं नव्हतं. मी स्वतः तपासणी बघितलीय त्यांची."