जुन्नरचा सूर्य

बाई, तुला एक विचारायचं राहून गेलं. सूर्य मावळला, हे तू नक्की कशावरून ठरवायचीस?

तू गेलीस तेव्हा माझी लेक जन्मायची होती. तिने तुला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. ती मला ‘आई’ म्हणते, आणि जुन्नरला आपल्या घरात आईला ‘बाई’ म्हणायचे हे ऐकून तिला अजून हसू येतं. हा सूर्याचा प्रश्न माझा नाही, तिनेच माझ्या गळ्यात टाकलाय. गेल्या हिवाळ्यात, अकरावीत असताना, तिने नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला अर्ज केला. तीन आठवडे तिथे राहून आकाश आणि हवामान शिकायचं. अर्ज जगभरातून येणार, घेणार मोजक्या मुलांना, आणि ज्यांना घेतील त्यांचा जाण्यायेण्याचा, राहण्याखाण्याचा सगळा खर्च तेच करणार. नाही घेतलं तर विषय तिथेच संपला, कारण तुझ्या जावयाची मंचरची कांदा-बटाट्याची आडत काही नॉर्वेपर्यंत पोचत नाही. पोरीने मात्र मनाने कधीच बॅग भरली होती. टेबलाशेजारी उत्तर ध्रुवाचा नकाशा चिकटवला होता आणि येता-जाता त्यावर बोट ठेवून बघायची. तिला इतकं काही हवं असलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

अशा अर्जांचंही एक शास्त्र असतं, हे मला तेव्हा कळलं. पुण्यातला एक मार्गदर्शक तिला फोनवरून सल्ले द्यायचा. मुलीत नेतृत्व दिसलं पाहिजे, समाजासाठी काय केलं ते दिसलं पाहिजे, गावाकडची आहे तर गाव दिसलं पाहिजे. त्याच्या नादाने तिने एक निबंध लिहिला आणि मराठी करून मला वाचून दाखवला. त्यात ती कांदा पिकवणाऱ्यांची दुःखं दूर करायला निघाली होती. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, “छान आहे गं, पण ही मुलगी कोण? तू तर धुळीने शिंका येतात म्हणून पप्पांच्या गाळ्यावर पाऊल टाकत नाहीस.” झालं, बाईसाहेब रुसल्या. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं.

तिसऱ्या दिवशी आपणहून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, अर्जातला प्रश्न खरं तर साधा आहे. तुला पडलेला असा एक प्रश्न सांग, ज्याचं उत्तर तुला अजून सापडलेलं नाही. “आई, तुला लहानपणी कुठले प्रश्न पडायचे?” मला इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी पटकन बोलून गेले, “मला वाटायचं, शिवनेरी नसता तर आपल्याला अजून किती वेळ जेवता आलं असतं?” मग मी गॅस बंद केला आणि तिला तुझं स्वयंपाकघर सांगितलं.

बाजारपेठेतल्या घराची ती पश्चिमेची खिडकी. समोर किल्ला. आपल्या जैनांकडे सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मावळला की नाही हे त्या खिडकीतून ठरायचं. दिवाळी सरली की सूर्य नेमका किल्ल्याच्या अंगावर जायचा आणि दिवस पुरा व्हायच्या कितीतरी आधी त्याच्यामागे गडप व्हायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र सूर्यास्ताची वेळ छापलेली असायची, ती पुष्कळ पुढची. वडील, म्हणजे आपले भाऊ, दुकानातून यायचे, चपला काढता काढता कॅलेंडरकडे बोट करायचे, “अजून वेळ आहे, वाढ.” तू निमूटपणे वाढायचीस. पण तुझं स्वतःचं ताट तोवर घासून पालथं पडलेलं असायचं. “कॅलेंडर छापणारा काय माझ्या खिडकीत येऊन बसतो का?” असं तू चुलीकडे बघत म्हणायचीस, त्यांच्याकडे नाही. एकदा मी मध्ये तोंड घातलं, “बाई, पण किल्लाच नसता तर?” तू पळी हातात घेऊन वळलीस. “किल्ला आहे ना? मग आहे तसं धरायचं. जास्ती शहाणपणा नको, ताट घे.” मला वाटलं, तुला राग आला. तो राग नव्हता, हे मला पुढच्या संकष्टीला कळलं.

शेजारची मावशी दर संकष्टीला लेण्याद्रीच्या गणपतीला जायची. शेतकऱ्याघरची, अंगाने थोराड, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. त्या दिवशी तू म्हणालीस, “आम्ही पण येतो.” मावशी चाट पडली. जीपमध्ये आपण तिघी दाटीवाटीने बसलोय, तुझ्या मांडीवर तिखट पुऱ्यांचं फडकं आहे, आणि मावशी सगळ्या जीपला ऐकू जाईल असं सांगतेय, “हिला सूर्य जायच्या आत जेवायचं आन् मला चंद्र आल्याबिगर न्हाई. पर हिचं बरं हाय राव, सूर्य कसा येळेवर जातो. आमचा चंद्र लई वाट बघायला लावतो.” तू हसून पदर तोंडाला लावतेस.

पायऱ्या चढताना माझे पाय भरून आले. मावशी वर दर्शनाला गेली, आपण दोघी वाटेतच थांबलो. खाली जुन्नर दिसत होतं आणि किल्ल्याची सावली गावावरून सरकत होती. बाजारपेठ बुडाली, मग शाळा, मग नदीकडची शेतं. आपण मात्र अजून उन्हात. तू मला गावाकडे तोंड करून बसवलंस आणि फडकं सोडलंस. पश्चिमेकडच्या झाडीतून माकडं येत होती, म्हणून तू काठी घेऊन माझ्यामागे त्या बाजूला तोंड करून उभी राहिलीस. “बघ,” तू म्हणालीस, “खाली आपल्या घरात रात्र झाली. भाऊ कॅलेंडर बघत बसले असतील. आणि आपण इथं दिवसाढवळ्या जेवतोय.” तुझा आवाज इतका खुशीत मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे माझा प्रश्न तू विसरली नव्हतीस. तुलाही तो पडला होता, कदाचित माझ्या आधीपासून. मी पुऱ्या खात राहिले. मध्येच विचारलं, “बाई, गेला का?” तू मागून म्हणालीस, “अजून आहे. खा.” परत विचारलं, परत तेच. पहारेकरी खाली चला म्हणून शिट्टी वाजवायला लागला, तेव्हा मी शेवटची पुरी संपवली.

हे सगळं ऐकून लेकीने एकच विचारलं, “आणि नानी? ती जेवली?” मला आठवेना.

त्या रात्रीत तिने जुना निबंध काढून टाकला. मार्गदर्शकाने कपाळाला हात लावला, आजीच्या गोष्टींनी निवड होत नसते म्हणाला. तिने ऐकलं नाही. एका रविवारी मला जुन्नरला ओढून घेऊन गेली. आपल्या घराच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघी किल्ल्याकडे बघत उभ्या राहिलो. दुकानदार दोनदा बाहेर येऊन बघून गेला, शेवटी म्हणाला, “कुणाची वाट बघताय का, ताई?” लेक म्हणाली, “सूर्याची.” तिने लिहिलं ते एवढंच होतं: माझ्या आजीसाठी सूर्य दोनदा मावळायचा, एकदा किल्ल्यामागे आणि एकदा कॅलेंडरात. ती किल्ल्याचं ऐकायची. का, ते मला माहीत नाही. बाई, तू सातवीत शाळा सोडलेली. असा अर्ज तुझ्या हातात पडला असता तर तू त्या रकान्यात काय लिहिलं असतंस, याचा मी अलीकडे फार विचार करते.

निबंध आवडला म्हणून मुलाखतीला बोलावणं आलं. ती आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर, मी बाहेर. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही अशी मला ताकीद. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं, पण पडद्यावरच्या बाईंनी विचारलेला प्रश्न मला नीट कळला. “इथे जुलैमध्ये सूर्य मावळतच नाही. तुझ्या आजीचा नियम तू इथे कसा पाळशील?” माझ्या हातात भिजवलेली कणीक तशीच. मला वाटलं, गेलं, पोरीच्या नकाशावरचं गाव गेलं. मग तिचा आवाज आला, “मला माहीत नाही.” आणि थोड्या वेळाने, “पण करून बघेन. मी माझ्या घरचा सूर्य धरेन. फोनवरची वेळ बघणार नाही, आजीने कॅलेंडर बघितलं नव्हतं. आई रोज गच्चीवर जाईल आणि डोळ्यांनी बघून मला सांगेल.” मी दाराआड उभी. मला विचारलंसुद्धा नव्हतं!

तिची निवड झाली. मेल आली तेव्हा ती ओरडली नाही, तशीच उठून आली आणि माझ्या पाठीला मिठी मारून उभी राहिली. मी रडले. बारावीचे वर्ग बुडतील म्हणून क्लासच्या सरांनी तोंड वाकडं केलं. तुझ्या जावयाने गाळ्यावर पेढे वाटले आणि घरी येऊन हळूच मला विचारलं, “तिथे बटाट्याशिवाय काही मिळतं का गं?” जन्मभर कांदा-बटाटा विकला, घरात कधी आणला नाही, आणि आता लेक बटाट्याच्या मुलखात निघाली होती.

आता ती तिथे आहे. ती मला फोनवर आकाश दाखवते. केव्हाही बघितलं तरी सूर्य आपला डोंगरांवरून आडवा चालत असतो, खाली उतरायचं नाव घेत नाही. आणि इथे त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. मी रोज संध्याकाळी छत्री घेऊन गच्चीवर जाते, तर सूर्यच नाही. ढग, हायवेवरच्या गाड्यांचे दिवे, आणि चिंब भिजलेल्या पाण्याच्या टाक्या. पश्चिम कुठे आहे तेवढं मला ठाऊक आहे, बाकी अंदाज. तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, आणि तिकडचे लोक रात्रीचं जेवण दुपारच्या चहाच्या वेळेलाच मांडतात, त्यामुळे तिचं ताट यायला आणि इथला सूर्य जायला जेमतेम गाठ पडते. कधी पडतही नाही. मग तिचा मेसेज येतो, “आई, गेला का?”

पहिल्यांदा तो मेसेज वाचला आणि मला लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरचा माझाच आवाज ऐकू आला. मग जुन्नरला मावशीला फोन लावला. ती थकलीये, ऐकू कमी येतं, पण आवाज तसाच आहे. विचारलं, मावशी, त्या संकष्टीला तू खाली उतरलीस तेव्हा सूर्य होता का गं? ती खदखदा हसली. “सूर्याचं काय मला ठावं, पोरी? मी चंद्राची वाट बघत व्हते.” म्हणजे साक्षीदारही हातचा गेला. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “तुझी बाई मातुर उपाशीच उतरली त्या दिशी. जीपमधी मला म्हनली, आज आपन दोगी बी उपाशी.”

मग मला फडकं आठवलं. उतरताना ते जड होतं, गाठ मारलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू उरलेल्या पुऱ्या गाईला घातल्या होत्यास. मी शेवटची पुरी तोंडात टाकून मागे वळले तेव्हा पश्चिमेला नुसती लाली होती. आधीही वळता आलं असतं. मान वळवायचा तर प्रश्न होता. मी नाही वळवली.

लेकीच्या हातातल्या फोनवर मंचरचा सूर्यास्त मिनिटासकट दिसतो. ती बघत नसावी. बघत असली तरी मला सांगत नाही.

हे तुला कुठे पाठवायचं, ते मला माहीत नाही, आणि तिला तर वाचून दाखवायचंच नाही. ती गेल्यापासून मीही तुझ्यासारखं धरलंय, दिवस गेला की जेवायचं नाही. आज गच्चीवर अंधारून आलं होतं, समोरच्या इमारतीत दिवे लागले होते. तिचा मेसेज आला. मी लिहिलं, “अजून आहे. खा.” मग खाली आले आणि माझं ताट झाकून ठेवलं.