अर्ध्यावरचा ताणा

१२ नोव्हेंबर, बुधवार

हरली. ६-४, २-६, ३-६. तुर्कस्तानात, टेनिसच्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत.

मोबाईलवर माणूस दिसत नाही, नुसते आकडे बदलतात. तिसऱ्या सेटमध्ये ३-३ होते. मी कुकर उतरवायला उठले, परत येते तर ३-५! तिथं काय झालं, कसं झालं, कोण सांगणार?

इथं तरी खरं लिहावं — मला बरं वाटलं. हरली की घरी लवकर येते. आईच्या मनात असं यावं का? पण आलं. थकले मी. तीही थकली असेल, बोलत नाही.

वच्छला शेजारून ओरडली, "काय वं रुख्मे, जिंकली का पोरगी?" म्हटलं, पहिला सेट जिंकली. खोटं नाही ते.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रणाली आली. विमानतळाबाहेर तिची मोठी बॅग मी ओढली आणि तिनं ओढू दिली. एरवी हात लावू देत नाही.

"खांदा कसा आहे?"

"ठीक हाय वं आई. तू सुरू नको होऊ."

जेवली. झोपली. उठून न्हाली आणि कंगवा घेऊन माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. "वेणी घालून दे." चवथीत गेल्यापासून या पोरीनं केसांना हात लावू दिला नव्हता! आता अठ्ठाविसाव्या वर्षी वेणी. उजवा हात कानाच्या वर जातच नाही. मी तेल लावलं, गुंता सोडवला, वेणी घातली.

याच हातानं सर्व्हिस करते ती. कशी करत असेल?

१७ नोव्हेंबर

जगातले नवे क्रमांक लागले. ८११. हे होते तेव्हा ३८८ होता. तेव्हा यांनी गल्लीत संत्राबर्फी वाटली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोठे भाऊजी चंपतराव उमरेडहून आले. यांचे थोरले भाऊ. सकाळची एसटी, हातात कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा, तोंडात सल्ला.

प्रणालीनं चहाचा कप डाव्या हातानं दिला, तर म्हणाले, "पाहुण्याले डाव्या हातानं?"

"उजवा सुटीवर हाय, मोठेबाबा."

हसले. मग गंभीर झाले. "दुखणं-खुपणं चालतच राहते. तुह्या बापानं, ईश्वरदासनं लावलेला ताणा हाय हा. कापाचा नाही."

आमच्या घरातला माग कधीच गेला. विणण्यात भागेना म्हणून हे टेनिसच्या मैदानावर कामाला लागले — मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. तिथंच सात वर्षांच्या प्रणालीनं कोणाची तरी टाकलेली रॅकेट उचलली. माग गेला, पण कोष्ट्याच्या घरातली रीत जात नाही. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, लावला की शेवटपर्यंत विणायचा. विणणारा मधेच गेला तर घरातल्या दुसऱ्यानं बसून पुरा करायचा. माझे सासरे गेले तेव्हा मागावर अर्धं नऊवारी लुगडं होतं. सुतक फिटलं आणि हे त्याच जागी बसले. मी लग्न होऊन नवीनच आले होते. ठोक-ठोक आवाज ऐकत चुलीपुढं रडले होते.

त्यामुळे हे गेल्यावर कोणी काही ठरवलं नाही. प्रणाली तेराव्यानंतर बॅग भरून निघाली आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. बापाचं अर्धं राहिलेलं काम पोरगी पुरं करते आहे, यात विचारायचं काय?

आता तीन वर्षं झाली. या ताण्याला शेवट कुठं आहे, ते मात्र कोणाला माहीत नाही.

२६ नोव्हेंबर

तिच्या लहानपणच्या कोच सरिता मॅडम येऊन गेल्या. जानेवारीपासून लहान पोरींची बॅच प्रणालीनं सांभाळावी म्हणतात. नागपुरातच. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हो-नाही कळवायचं. "वर्षानुवर्षं हॉटेलच्या खोल्या पाहून कंटाळा नाही येत गं तुला?" असं मॅडम म्हणाल्या. प्रणाली नुसती हसली. मी मनात म्हटलं, हो म्हण. हो म्हण ना!

"विचार करून सांगते," म्हणाली.

१ डिसेंबर

डॉक्टरकडे गेलो. ते फोटो दिव्यावर धरून बोलत होते. ऑपरेशन केलं तर वर्षभर खेळ बंद, आणि नंतर पहिल्यासारखं खेळता येईलच असं नाही. नाही केलं आणि खेळणं सोडलं तर हात घरकामापुरता चालेल. दोन्ही नाही केलं तर मात्र तेही नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मग?

"आधी नागपूरची स्पर्धा खेळतो, मंग पाहू."

एवढंच. बर्डीच्या बाजारात थांबून तिनं चना पोहा खाल्ला — डाव्या हातानं.

५ डिसेंबर

वाचनालयाचं पुस्तक परत करून आले. चारच पानं वाचून झाली होती. चवथी शिकलेल्या बाईनं वाचायची सवय लावली ती एकटीनं, दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचत-वाचत. यांना कौतुक होतं. दुःखातही वाचत होते मी. पण आता ओळीवर बोट ठेवते आणि मन खांद्यावर जातं.

९ डिसेंबर, मंगळवार

जिंकली! ४-६, ७-५, ७-६.

हे गेल्यापासून मी मैदानावर पाय ठेवला नव्हता. आज गेले. विधानसभेच्या अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद, ऑटोवाल्यानं कुठून-कुठून फिरवलं. पोचले तर पहिला सेट हरलेली. समोर पुण्याची रितिका म्हणून सतरा वर्षांची पोरगी — हरणासारखी.

दुसऱ्या सेटमध्ये प्रणालीनं सर्व्हिसला बॉल वर फेकलाच नाही. कमरेखालून मारला, लहान पोरी मारतात तसा. नियमात बसतं म्हणे. माझ्या मागं कोणीतरी हसलं. "हे काय, बॅडमिंटन हाय का?" मी मागं वळून पाहिलं, तर गप्प झाला.

पुढचा सगळा सामना तशीच खेळली. रितिका गोंधळली, चिडली, बॉल जाळीत घालू लागली. शेवटचा पॉइंट झाला तेव्हा लोक उभे राहिले. प्रणालीचं तोंड पांढरं पडलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं उजवा हात वर केला नाही.

मी उभी राहिले नाही. तिच्या खांद्याकडेच पाहत होते.

११ डिसेंबर, गुरुवार

दुसरी फेरी. १-६, २-६. आज खालून मारलेली सर्व्हिस कोणाला चकवू शकली नाही.

चंपतराव मुद्दाम आले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या बारीले जिंकशीन. ईश्वरदास पाहून राहिला वरून."

"हो, मोठेबाबा," म्हणाली.

त्या 'हो'नं मला कसंसंच झालं. पोरीनं मोडेपर्यंत हो म्हणायचं का? ताणा सुताचा असतो. हिला हाड-मांस आहे. आणि हिला सोडवणारं माझ्याशिवाय कोण आहे? सासू नाही, सासरे नाही. कात्री माझ्याच हातात होती — मलाच कळलं नाही.

१२ डिसेंबर

बोलले. ती भाजी निवडत होती.

"प्रणाली, बाबाचा ताणा आता कापून टाक. पाप लागलं त मले लागू दे. तू मोकळी."

ती बघत राहिली. मेथीच्या काड्या उचलल्या आणि उठून गेली. रडायला गेली असेल.

दुपारी मी स्वतः चंपतरावांना फोन केला. सांगितलं, मी कापला. पलीकडून, "तू समजून राहिली का, तू काय केलं थे?" म्हटलं, समजते. आवाज चढवला नाही, रडलेही नाही. ठेवला फोन.

वच्छलाला सांगितलं तर म्हणाली, "बरं केलं वं. आता स्थळं पाह्य." हिचं एक वेगळंच!

यांच्या फोटोसमोर उभी राहिले. रागावले असतील का? असू दे. हलकं वाटलं.

१५ डिसेंबर, सोमवार

प्रणालीनं सरिता मॅडमला 'नाही' कळवलं. ऑपरेशनची तारीख घेऊन आली. वर्षानं परत खेळायचं म्हणे.

मी म्हटलं, अगं, मी सोडवलं ना तुला!

"आई, बाबा त कधीचेच मले सोड म्हणत होते. तू स्वयंपाकात असली का गच्चीवर नेऊन सांगत. 'थकली तू बाई, बस झालं आता.' ते जायच्या आदल्या दिवशीही तेच. भांडली मी त्यायच्याशी."

हे कधी बोलले नाहीत मला. एक शब्द नाही.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय आवडते वं तुले त्यात एवढं?

ती खांदा धरून पाटावर बसली. "बॉल रॅकेटच्या बरोबर मधोमध लागला ना आई, त हाताले कळतच नाही लागला म्हणून."