आई नहीं आई

नागपूर, १९ जानेवारी १९८५

चि. श्रीधर यास ताईचे अ. उ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून. खरं तर तुझा कान पिळायला हवा.

माझ्या पुतण्याने दिल्लीहून तुमच्या बँडची तबकडी आणली आणि संक्रांतीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना लावली. वेष्टनावर तू. तोंडाला चांदीचा रंग, कोपरापर्यंत लाखेच्या बांगड्या, खांद्यावर झगमगता झगा. सासूबाईंनी विचारलं, ही नटी कोण. मला हसू आलं. लहानपणी माझी पावडर पळवायचास तो तूच!

मग गाणं सुरू झालं. ‘गाड़ी आई, भीड़ आई, आई नहीं आई.’ पुतण्या सांगू लागला की कॉलेजची पोरं यावर वेडी झालीत. कुणी मुलगी भेटायला येते म्हणाली आणि आली नाही, त्याचं हे गाणं, आणि शेवटी गायक मुद्दाम अडखळतो, ती त्याची स्टाईल. सगळ्यांना पटलं. आई माझ्याशेजारी तिळाचे लाडू वळत होती. लाडवांची परात बाजूला सारून ती आपल्या खोलीवर निघून गेली. तेव्हा मला त्यातला मधला ‘आई’ कळला, हिंदी नव्हे, आपला मराठी.

बाबांनी तुला सोडलं नाही, म्हणून ती मला एकटीला घेऊन जयपूरहून निघाली, हे तुला ठाऊक आहे. तरी तिला अशी चव्हाट्यावर उभी केलीस? तेव्हापासून ती नीट जेवत नाही. ते गाणं बंद कर.

लोभ आहेच, पण आज राग त्याहून मोठा आहे.

तुझी ताई,
विजयमाला

*

जयपूर, २९ जानेवारी १९८५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कान पिळायला इकडे यावं लागेल, आणि आपल्या घरच्या बायका इकडे येत नाहीत.

शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस, मी हिंदी शाळेत शिकलोय. गाण्याचा मतलब सगळे विचारतात. मी कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. तुम्ही गेलात त्या वर्षी दिवाळीला येते, असं तिने लिहिलं होतं. बाबा ड्यूटीवर होते. मी एकटा स्टेशनवर गेलो. गाडी आली, रिकामी झाली. भगवान भैया म्हणून एक हमाल बाबांना ओळखायचा. त्याने लांबूनच ओरडून विचारलं, आई? मला कळेना, तो माझ्या आईचं विचारतोय, की हिंदीत नुसतंच आली का म्हणून. दोन्हीचं उत्तर एकच होतं. दिवाळी संपेपर्यंत मी रोज गेलो आणि त्याने रोज तेच विचारलं.

सुखदेव आमचा ड्रमवाला. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत त्याच्या वडिलांचं वर्कशॉप आहे, तिथे आम्ही सराव करतो. त्यालाही वाटतं ही कोणी मुलगी आहे. वाटू दे. चांदी का फासतो म्हणशील, तर साध्या तोंडाने हे गाणं मला म्हणताच येत नाही. आणि तो झगा तू ओळखला नाहीस. तिची मोरपंखी साडी आहे ती, इथे राहून गेलेली. मीच कापली.

गाणं बंद होणार नाही. चोवीस फेब्रुवारीला इथे कार्यक्रम आहे, तिथे म्हणणारच. तिला जेवण जात नसेल, तर त्या दिवाळीत मलाही जात नव्हतं.

ज्यांना लोभ वाटायचा त्यांना वाटो.

श्रीधर

*

नागपूर, ८ फेब्रुवारी १९८५

चि. श्रीधर यास आशीर्वाद.

तुझं पत्र ताई मला दाखवत नव्हती, मी तिच्या हातातून ओढून घेतलं. तू माझ्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण आता माझाही राग वाच.

मी आले नाही, खरं आहे. तिकीट काढून डब्यात बसले होते. गाडी सुटायच्या आत उतरले. तुला बघितलं असतं तर पुन्हा सोडून निघणं जमलं नसतं, आणि त्या क्वार्टरमध्ये राहिले असते तर आज जिवंत नसते. तुझ्या वडिलांचा हात उठायचा तेव्हा तू पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेला असायचास. झोपलेला नसायचास ना? मग ते गाण्यात कुठे आहे? आई आली नाही एवढं लिहिलंस. आई गेली का, ते कडवं कोणी लिहायचं? मी शाळेत मुलांना कधी अर्धा धडा शिकवत नाही.

आणि साडी. ती राहून गेली नव्हती, मी ठेवली होती. परत यायचं असलेल्या बाईचं काहीतरी त्या घरात असावं म्हणून. तिला तू कात्री लावलीस, याचा मला फार संताप आलाय.

गाणं बंद करू नकोस. पुढचं कडवं जोड. मी चोवीसला सकाळच्या दिल्लीच्या गाडीने येतेय. तुझ्या वडिलांच्या दारात पाय ठेवणार नाही. स्टेशनवर उभा राहा, आणि तोंड धुऊन ये. मला माझा मुलगा ओळखता आला पाहिजे.

भांडायला येत असलेली,
तुझी आई

*

जयपूर, २६ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तोंड धुऊनच गेलो होतो. तरी कानामागे चांदी राहिली होती. ती तिने भर प्लॅटफॉर्मवर पदराने घासून काढली, कातडी सोलून निघेल अशी, आणि घासताना तोंड चालूच. साडी, माझे केस, माझं अक्षर. मग मीही सुरू झालो. त्या दिवाळीचं सगळं काढलं. ती रडली, मी रडलो, पण हार कोणीच मानली नाही. लोक थांबून बघत होते.

कार्यक्रमात ती पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. टाळी वाजवली नाही. अर्ध्या गाण्याला टाळी नाही म्हणाली.

दुसरं कडवं अजून झालेलं नाही. एका ओळीवर आमचं पटत नाही. तिला त्यात बाबांचा हात हवाच आहे. मी म्हटलं, बाबा ऐकतील. ती म्हणाली, त्यासाठीच हवा. सुखदेवच्या घरी उतरली आहे. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.

राग दोन्हीकडे शिल्लक आहे, तुझा लोभ मधे असू दे.

तुझा,
श्रीधर

ता. क. भगवान भैया अजून तिथेच आहे, म्हातारा झालाय. मला बघून त्याने लांबूनच ओरडून विचारलं, आई? मीही ओरडूनच सांगितलं. गाड़ी आई, भीड़ आई, आई आई.