पहिल्या हाताचा रकाना

मी, राघो पोशा विशे, वय वर्षे एकोणसाठ, राहणार खर्डी, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, पूर्वीचा धंदा तानशाच्या तलावावर पाऊस मोजणे, हल्लीचा धंदा शेती आणि हुतुतूचे आकडे, हे मृत्युपत्र माझ्या ओटीवर बसून स्वहस्ते लिहितो. मला कोणी दरडावलेले नाही, कोणी गोड बोलून फसवलेले नाही. पोटात मुतखडा आहे, डोक्यात बिघाड नाही. शनिवारी मुंबईच्या इस्पितळात खडा काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, दहांतले आठ बरे होऊन घरी जातात. मी विचारले, किती जणांवरून हे काढलेत? ते चिडले. तेव्हा उरलेल्या दोघांत माझा नंबर लागला तर मागे घोळ नको, म्हणून हा कागद.

खरी घाई मात्र दुसरीच आहे. रविवारी, तारीख १३ रोजी, म्हशाच्या जत्रेत मुरबाडाविरुद्ध उतरणारा आपल्या तालुक्याचा हुतुतूचा संघ निवडायचा आहे, आणि त्या दिवशी मी खाटेवर तरी असेन किंवा नसेन तरी. गेले दोन महिने मी नुसता हवेत आहे. खड्याच्या कळा येतात त्या सुद्धा अर्ध्या विसरायला होतात. कारण चौथ्या कलमात येईल. आधी घरदार उरकतो.

कलम १. राहते घर, मागचा गोठा, दोन्ही फणस आणि भांडीकुंडी माझी बायको गुणाबाई हिला. ती हयात असेपर्यंत कोणी तिला हे कर, ते नको असे सांगू नये. मी सांगून पाहिले आहे, उपयोग होत नाही. सामन्याला जाताना एका खिशात चिंचोके भरून न्यायचे आणि पकड झाली की एक दुसऱ्या खिशात टाकायचा, ही माझी रीत. सदरे धुताना तिच्या हाताला चिंचोके लागत आणि ती म्हणे, “पोरंसोरं खेळतात ती बरी, हे बसून चिंचोकं मोजतंय.” ते सर्व मी तिला माफ करतो. तिनेही मला माफ करावे.

कलम २. ओढ्याजवळचे भाताचे शेत मुलगा रघू यास. तो कल्याणला रेल्वेत आहे. त्याला खेळात गोडी नाही, हा काही गुन्हा धरता येत नाही.

कलम ३. पाऊस मोजण्याची काचेची नळी, जी मी पदरमोड करून घेतली होती आणि सरकारी नव्हे, ती खर्डीच्या शाळेला. एकतीस वर्षे मी रोज सकाळी आठला पाऊस मोजून वहीत लिहिला. त्यातून एक गोष्ट शिकलो. एके साली जुलैत एका दिवसात अकरा इंच कोसळला. लोक अजून त्या सालाला मोठ्या पावसाचे साल म्हणतात. माझ्या वहीत ते साल सरासरीखाली आहे. माणसाला तो एक दिवस आठवतो, वहीला सगळे दिवस आठवतात. सन १९३४ साली मनात आले की गड्यांचेही असेच होत असणार, आणि मी हुतुतूची वही उघडली.

कलम ४. हुतुतूच्या नऊ वह्या माझी मुलगी वत्सला हिला. ती वीस वर्षांची आहे, मुलींच्या शाळेत शिकवते. तिलाच का, ते आता सविस्तर लिहितो, कारण यात माझी चूक आहे आणि ती माझ्याच हाताने लिहिली जावी.

आमच्याकडे रीत अशी की चढाईला आलेल्या गड्याचा दम तुटला त्या क्षणी त्याच्यावर जो वर बसलेला, पकड त्याची. पंच त्याचेच नाव पुकारणार, लोक त्यालाच खांद्यावर घेणार. मी वाढलोच या रीतीत. वहीत रकाने आखले तेव्हा चढायांचा आखला, मारलेल्या गड्यांचा आखला आणि पकडींचा आखला. पकड कोणाची, हे पंचाच्या तोंडून ऐकून लिहीत गेलो. पाऊस मोजताना मी कधी कोणाच्या सांगण्यावरून आकडा घातला नव्हता. इथे सात वर्षे घातला.

आता सन १९४१ चा मार्गशीर्ष. निवडीला तीन मते असतात : माझे, माझा बालमित्र जयराम धानके याचे आणि कप्तान महादू फर्डे याचे. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर मी वही उघडून मोठ्याने वाचले. महादू फर्डे, सामने तीस, पकडी त्रेसष्ट. गोमा मेंगाळ, सामने एकोणीस, पकडी दोन. पारावर हशा पिकला. गोमा हा डोळखांबकडच्या पाड्यावरचा ठाकराचा गडी, अंगाने काटकुळा, सामन्याला नऊ कोस चालत यायचा. तो खालीच उभा होता.

जयराम एकटा म्हणाला, “त्याला काढू नको. तो नसला का पोरं बावरतात.”

मी विचारले, “कशावरून?”

“ते नाय मला सांगता येत. दिसतं.”

मी म्हणालो, “सांगता येत नसेल तर गप्प बस.” सर्वांसमक्ष म्हणालो. जयराम गप्प बसला. गोमाने डोक्याचे फडके सोडून परत बांधले आणि मला विचारले, “दोनच भरल्या का, दादा? बरा.” आणि तो चालू लागला. त्यानंतर तो तालुक्यासाठी खेळला नाही आणि जयराम त्याच्याविषयी बोलला नाही.

मागच्या दिवाळीत वत्सला जुन्या वह्या नव्या कागदावर उतरवत होती. मध्येच थांबून म्हणाली, “बाबा, चढाईवाल्याच्या पायाला पयला कोण धरतो ते तुमी लिवलंच नाय.”

मी म्हणालो, “पकड लिहिली आहे ना.”

“महादूकाका वर बसतात ते लिवलंय. पण गडी पडल्याबिगर वर बसणार कसं?”

मग आम्ही दोघांनी पारावर वाचलेली ती वही पुन्हा सामनावार मांडली. गोमा दर साली काही महिने वीटभट्टीवर कामाला जाई, म्हणून त्या तीस सामन्यांत एकोणीस त्याच्यासह होते आणि अकरा त्याच्यावाचून. वत्सलेने महादूच्या पकडी वेगळ्या मांडल्या. गोमा मैदानात असताना एकोणीस सामन्यांत अठ्ठावन्न. गोमा नसताना अकरा सामन्यांत पाच. मी पुन्हा मोजल्या. चिंचोके काढून मोजल्या. अठ्ठावन्न आणि पाच! मग सामन्यांचे निकाल काढले. त्याच्यासह एकोणिसांत सोळा जिंकले, त्याच्यावाचून अकरांत चार. त्याला काढल्यानंतरचे चौदा सामने बघायला माझा हात पुढे होईना, तेव्हा वत्सलेने बघितले. तीन जिंकले.

मी ओटीवर येरझारा घालू लागलो. गुणाबाई बाहेर येऊन म्हणाली, कळ आली का. मी म्हणालो, नाही गो, आकडा आला. एवढा आनंद मला पोरे झाली तेव्हा झाला होता. आणि तेवढीच लाजही वाटत होती, हेही लिहून ठेवतो. सात वर्षे उत्तर माझ्याच वहीत पडून होते आणि मी त्या वहीच्याच जोरावर एका माणसाला उठवून लावले होते.

पण हे सर्व आडून काढलेले अनुमान. डोळ्यांनी मोजलेले नव्हे. म्हणून आम्ही दोघे बैलगाडीने डोळखांबला गेलो. भात कापून झाले होते, पाड्यावरची पोरे खाचरात खेळत होती. वत्सलेने नवा रकाना आखला : पहिला हात. तीन दिवस संध्याकाळी बांधावर बसून मोजले. गोमाच्या बाजूवर एक्केचाळीस चढाया झाल्या. त्यांत सतरा वेळा पहिला हात गोमाचा, घोट्याला, तोही असा खालून की लोकांना दिसतच नाही, आणि त्या सतरांतले पंधरा गडी परत गेले नाहीत. पंधरांपैकी तेरांवर वर दुसराच कोणी बसला होता. गोमा पस्तिशीचा झाला आहे. तेराव्या वेळी मी बांधावर उठून उभा राहिलो आणि ओरडलो. वत्सलेने माझा सदरा ओढून मला खाली बसवले.

कलम ५. गोमा बुधू मेंगाळ यास मी शेतातली एक ताल, म्हणजे बांधालगतचा तुकडा, देऊ केली होती. त्याने घेतली नाही. मी त्याला बांधावरच वही दाखवून सांगितले की तुझा आकडा मी बदलला आहे, तू म्हशाला ये. तो म्हणाला, “माझ्या माघारी बदलून काय करू, दादा? तुमी पाराव वाचला व्हता. पाराव वाचा, मंग येन.” त्याचे बरोबर आहे. जे चारचौघांत काढून घेतले ते घरात बसून परत देता येत नाही.

मला रविवारी पारावर उभे राहता येणार नाही, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून लिहितो की, मी जगलो वाचलो असो वा नसो, हे कलम आणि कलम चार रविवारी सकाळी त्याच पारावर, त्याच जागी उभे राहून, वत्सलेने मोठ्याने वाचावे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात हे मला माहीत आहे. ही दोन कलमे आधी उघडावीत.

कलम ६. महादू फर्डे यास माझी पितळी लोटी. महादू, तू लबाडी केली नाहीस. तू वर बसलास, पंचाने तुझे नाव घेतले, मी लिहिले. तिघांनी तीच रीत पाळली. पण तुझे मत गोमाविरुद्ध पडणार हे तू मला तोंडावर सांगितलेस, आणि कारण दिलेस की चार वर्षे तो खेळला नाही. तो का खेळला नाही, ते मत देण्याआधी एकदा आठव.

कलम ७. निवडीतले माझे मत मी वत्सलेला देतो. शहापूरचे अर्जनवीस हसले. म्हणाले, मत ही काही मालमत्ता नव्हे, आणि मुलीला देता तर लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोकांत एकाने तरी रकान्यातली चूक काढली होती का? वत्सला मत कोणाला देईल हे मी तिला सांगितलेले नाही. ती वहीप्रमाणे देईल. तरी ते एकच मत झाले, महादूचे विरुद्ध आहे, आणि जयराम पाचवे साल गप्प आहे.

कलम ८. जयराम कान्हू धानके यास मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे अर्जनवीस सांगतात, आणि मला साक्षीला तूच हवास. छत्तीस साली तू मांडीला हात लावून गडी निवडलास आणि तो पहिल्याच चढाईत पाय मुरगळून बसला, यावरून मी तुला दहा वर्षे चिडवले. ते चिडवणे मी मागे घेत नाही. पण एक्केचाळीस साली तुला दिसले होते आणि मला दिसले नव्हते. तुला सांगता आले नाही, कारण तुला विचारायची माझी रीत चुकली. मी कागद घेऊन तुझ्याजवळ बसून विचारायला हवे होते की पोरे बावरतात म्हणजे नेमके कधी, कोणत्या चढाईला. अर्धा रकाना तिथेच सापडला असता. जयराम, मला माफ कर. तुझ्या मताची मी भीक मागत नाही. फक्त गप्प राहू नकोस.

याव्यतिरिक्त माझे काही नाही. याआधी केलेले मृत्युपत्र नाही. कागद पुन्हा वाचून बघितला, आकडे ताडून बघितले, खाली सही करतो.

राघो पोशा विशे
मुक्काम खर्डी, बुधवार, तारीख ९ जानेवारी १९४६

साक्षीदार पहिला : कमळू गोविंद वेखंडे, पोस्टातून निवृत्त, राहणार खर्डी. राघोने माझ्या समक्ष सही केली. त्या वेळी तो शुद्धीत होता, फक्त फार बोलत होता.

साक्षीदार दुसरा : जयराम कान्हू धानके, राहणार खर्डी. सही माझ्या समोर झाली. चौथ्या कलमातले आकडे मी वाचले नाहीत, मला ते कळत नाहीत. परवा कोणाला न सांगता डोळखांबला जाऊन गोमाला खेळताना बघून आलो. माझे मत गोमाला. रविवारी वत्सला वाचेल तेव्हा मी तिच्या शेजारी पारावर उभा राहीन. गोमाला आणायला शनिवारी मीच जातो.